न फुटणाऱ्या काचेचे गणित

घरी येणारा वीस लिटरचा निळसर पाण्याचा जार, शेजाऱ्याच्या अंगणावर घातलेले पारदर्शक छत, मुलांच्या चष्म्यातील हलकी भिंगे, मोटारीच्या पुढच्या दिव्याचे आवरण आणि आमसुले वाळविण्याच्या सौर पेटीचे झाकण, या वस्तू पुष्कळदा एकाच पदार्थाच्या असतात असे सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही. त्या पदार्थाचे नाव पॉलिकार्बोनेट. नाव जिभेला जड आहे. ‘पॉलि’ म्हणजे पुष्कळ, आणि ‘कार्बोनेट’ हा आपल्या चुनखडीचा व धुण्याच्या सोड्याचा दूरचा नातलग.

आता प्रश्न असा की, पदार्थ जर एकच, तर जाराचे प्लॅस्टिक भिंगाला का चालत नाही? एका दुकानातील पत्रा दहा वर्षे स्वच्छ राहतो व दुसऱ्या दुकानातील तिसऱ्या पावसाळ्याआधी पिवळा का पडतो? आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीसाठी हेच प्लॅस्टिक आपल्या देशात का वर्ज्य झाले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे घटकांच्या प्रमाणात दडलेली आहेत. गवंडी सिमेंट व वाळूचे प्रमाण बदलतो तेव्हा भिंत बदलते हे आपण जाणतोच. येथे मात्र प्रमाण घमेल्याने नव्हे, तर हजारात एक-दोन अशा हिशेबाने बदलते.

या पदार्थाचा जन्म तसा जुना. १८९८ साली जर्मनीत म्युनिक येथे आल्फ्रेड आइनहॉर्न या रसायनशास्त्रज्ञाने या जातीचे पहिले पदार्थ तयार केले. पण ते कशात विरघळेनात, त्यांचे काही करता येईना, म्हणून ते तसेच पडून राहिले. पुढे १९५३ साली एक नवल घडले. जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, एकाच वर्षी आजचे पॉलिकार्बोनेट तयार केले. फॉक्स तारांवर चढविण्याचा लेप शोधीत होते. हाती आला तो फोडू म्हटले तरी न फुटणारा गोळा. बायरने आपल्या मालाला ‘मॅक्रोलॉन’ म्हटले, दुसऱ्या कंपनीने ‘लेक्सन’. ही नावे आजही पत्र्यांवर छापलेली दिसतात.

घटक मुख्यतः दोन. पहिला बिसफिनॉल-ए, ज्याला आपण पुढे थोडक्यात बीपीए म्हणू. हा फिनॉल व ॲसिटोन यांच्यापासून होतो. फिनॉलचे दोन रेणू व ॲसिटोनचा एक. (बडोद्याकडील वाचकांना हे नाते जवळचे वाटेल. गुजरातमध्ये दहेज येथे दीपक फिनॉलिक्सच्या कारखान्यात २०१८ पासून फिनॉल व ॲसिटोन ही जोडी एकत्रच तयार होते.) कारखानदार दोनास एक हे प्रमाण जसेच्या तसे पाळीत नाही, तो फिनॉल मुद्दाम कितीतरी अधिक ठेवतो व उरलेले परत वापरतो. फिनॉल कमी पडले तर भलतेसलते रेणू तयार होतात, आणि ती अशुद्धता पुढे प्लॅस्टिकला पिवळसर झाक देते. भिंगाचा माल पाण्यासारखा निर्मळ हवा असेल तर काळजी येथपासून घ्यावी लागते.

दुसरा घटक फॉस्जिन नावाचा वायू. हा अत्यंत विषारी. पहिल्या महायुद्धात तो माणसे मारण्यासाठी वापरला गेला. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना हेही सांगितले पाहिजे की भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथिल आयसोसायनेट करण्यासाठी हाच फॉस्जिन वापरीत, आणि डिसेंबर १९८४ च्या त्या भीषण रात्रीच्या तीन वर्षे आधी, १९८१ च्या डिसेंबरात, तेथे फॉस्जिनच्या गळतीने एक कामगार दगावला होता. तयार पॉलिकार्बोनेटमध्ये फॉस्जिन उरत नाही, तेव्हा घरातील जाराला त्या कारणाने भिण्याचे प्रयोजन नाही. पण वस्तू निरुपद्रवी असली तरी ती करणाऱ्या हातांना धोका असू शकतो, याचा विसर पडू नये. फॉस्जिन टाळणाऱ्या रीती निघाल्या आहेत. तैवानमध्ये २००२ साली सुरू झालेल्या एका कारखान्यात त्याच्याऐवजी कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात करतात.

आता वजनाचा हिशेब पाहा. २२८ किलो बीपीए आणि ९९ किलो फॉस्जिन मिळून २५४ किलो पॉलिकार्बोनेट होते. उरलेल्या आम्लाची कॉस्टिक सोड्याशी गाठ पडून त्याचे साधे मीठ होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. २५४ किलो प्लॅस्टिकमागे ११७ किलो! न फुटणाऱ्या काचेच्या मागे असे एक मिठागर लपलेले असते.

साखळीचा खेळ

मुलांचा साखळीचा खेळ सर्वांनी पाहिला आहे. प्रत्येकाला दोन हात, म्हणून साखळी वाढत जाते. बीपीएच्या रेणूला असेच दोन हात आहेत व फॉस्जिनलाही दोन. एक हा, एक तो, पुन्हा हा, असे हात धरीत लांबच लांब माळ तयार होते. दोन्ही अगदी समसमान असतील तर साखळी, निदान कागदावर, कधी संपणारच नाही.

पण संपावी तर लागते. म्हणून कारखान्यात तिसरा एक पदार्थ मोजून घालतात, ज्याला एकच हात आहे. साधे फिनॉल किंवा त्याचाच एखादा भाऊबंद. हा ज्या टोकाला जाऊन चिकटतो तेथे साखळी थांबते, कारण त्याचा दुसरा हातच नाही. प्रत्येक साखळीला टोके दोन, म्हणून असे थांबविणारे दोन लागतात. बीपीएच्या दर शंभर रेणूंमागे असे चार रेणू घातले की सरासरी साखळी पन्नास दुव्यांची होते. दोनच घातले की शंभर दुव्यांची. सगळी कारागिरी या दोन-चारात आहे.

याचा परिणाम केवढा? साखळी लांब असेल तर वस्तू चिवट होते, घाव सोसते, तडकत नाही. मात्र साखळी दुप्पट झाली की वितळलेल्या मालाचा दाटपणा दुप्पट न होता सुमारे दहापट वाढतो. भाताची पेज आणि तिळगुळाचा पाक यांत जेवढा फरक, तेवढा. पातळ, नाजूक साच्यात असा दाट माल शिरतच नाही. १९८२ पासून गाण्यांच्या ज्या चकचकीत सीडी निघाल्या, त्यांच्या अंगावरील सूक्ष्म खड्डे नीट उमटावेत म्हणून आखूड साखळ्यांचा, पाण्यासारखा वाहणारा माल वापरीत. म्हणून सीडी वाकवली तर कटकन मोडते, आणि छताचा पत्रा त्याच पदार्थाचा असून हातोडा सोसतो. पत्र्याला लांब साखळ्या लागतात.

वीस लिटरच्या जाराची गोष्ट आणखी निराळी. तो फुगा फुगवावा तसा हवेने फुगवून करतात. वितळलेली गरम नळी साच्यात लोंबत असते. ती स्वतःच्या वजनाने ओघळून गेली तर जार वरून पातळ व तळाशी जाड होईल. म्हणून येथे तीन हात असलेला एक पदार्थ घालतात. त्यामुळे साखळीला फांद्या फुटतात, फांद्या एकमेकींत अडकतात व नळी लोंबली तरी धीर धरते. प्रमाण मात्र हजारात तीन-चार, एवढेच. अधिक झाले की सगळ्या मालाचे जाळे होऊन तो वितळेनासाच होतो, आणि मग तो कोणत्याही कामाचा राहत नाही.

न बोलाविलेला घटक

आतापर्यंतचे घटक मुद्दाम घातलेले. एक घटक न सांगता येतो: पाणी. हे प्लॅस्टिक कोरडे दिसले तरी हवेतील ओल शोषते. साच्यात ते सुमारे तीनशे अंश उष्णतेला वितळवितात, आणि त्या तापात पाण्याचा एकेक रेणू साखळीचा एकेक दुवा तोडतो. म्हणून दाणे आधी १२० अंशांवर तीन-चार तास वाळवून ओल शेकडा ०.०२ च्या खाली आणावी असा नियम आहे. पंचवीस किलोच्या पोत्यात ही ओल केवळ पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा!

या चमच्याचा हिशेब मांडून पाहावा. पन्नास दुव्यांच्या साखळ्या धरल्या तर त्या चमचाभर पाण्यातही, ते सारे कामाला लागल्यास, दर सातांतील एक साखळी तोडण्याचे बळ असते. आता हेच पोते कोकणातील किंवा गोव्यातील आषाढी हवेत उघडे राहिले व ओल शेकडा ०.१५ पर्यंत चढली, तर पाण्याच्या रेणूंची संख्या साखळ्यांएवढी होते. जितक्या साखळ्या तितक्या कात्र्या! वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात, किंवा काहीच न दिसता ती पहिल्या धक्क्याला फुटते. मग आपण म्हणतो, हे प्लॅस्टिकच हलके. प्लॅस्टिक पुष्कळदा चांगले असते. घाई वाईट असते. जुन्या तुकड्यांचा चुरा नव्या मालात फार प्रमाणात मिसळला तरी हेच होते, कारण दर वितळण्यागणिक साखळ्या आखूड होत जातात.

काही वस्तूंत आणखी सोबती मिसळतात. काचेचे बारीक तंतू शेकडा तीस घातले तर ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो, पण पारदर्शकपणा जातो आणि ताणून लांब होण्याचा मूळ गुण जवळजवळ नाहीसा होतो. एबीएस नावाचे दुसरे प्लॅस्टिक मिसळले तर माल साच्यात सहज वाहतो, मात्र उष्णता सोसण्याची शक्ती घटते. मोटारीच्या आतील फळ्या व अनेक यंत्रांची कवचे या मिश्रणाची असतात.

शेतकऱ्यासाठी

शेतावर याचा मुख्य उपयोग रोपवाटिकेच्या छताला, सौर वाळवणीला व गोठ्याच्या उजेडाच्या पत्र्यांना. सरसकट सर्व हरितगृहावर हा पत्रा घालावा असे मी कोणाला सुचविणार नाही. फुले व ढोबळी मिरची करणाऱ्यांना २०० मायक्रॉनचा पॉलिथीनचा कागदच परवडतो. तो काही वर्षांनी बदलावा लागतो एवढेच. पण लहान रोपवाटिका आणि वर्षानुवर्षे टिकावी अशी वाळवणी, येथे पॉलिकार्बोनेटचा पैसा वसूल होतो. दहा मिलिमीटरचा दुपदरी पोकळ पत्रा चौरस मीटरला जेमतेम पावणेदोन किलो भरतो. चार मिलिमीटरची काच दहा किलो. शिवाय मधल्या पोकळीतील हवेमुळे रात्रीची ऊब अधिक टिकते.

या पत्र्याचा शत्रू म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. ते साखळ्या तोडतात व पत्रा पिवळा, धुरकट करतात. उपाय म्हणून ते किरण शोषणारे द्रव्य घालावे लागते. सबंध पत्र्यात ते भरपूर घालणे महाग, म्हणून वरच्या बाजूस सुमारे पन्नास मायक्रॉन जाडीचा एक थर देतात आणि त्या थरातच हे द्रव्य शेकडा काही भाग असे दाट ठेवतात. पन्नास मायक्रॉन म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढे. पत्र्याचे सारे आयुष्य या केसभर थरावर अवलंबून! सहसा तो एकाच बाजूला असतो. ती बाजू कोणती हे वरच्या संरक्षक कागदावर छापलेले असते; कागद काढण्यापूर्वी कडेला खूण करून ठेवावी. उलटा बसविलेला उत्तम पत्रा हलक्या पत्र्याइतक्याच लवकर खराब होतो, आणि मग दुकानदाराशी भांडून उपयोग नसतो.

दुकानात थराची जाडी डोळ्यांनी कळणार नाही, पण वजन कळते. या प्लॅस्टिकची घनता १.२. म्हणून दोन मिलिमीटरचा भरीव पत्रा चौरस मीटरला २.४ किलो भरला पाहिजे, तीन मिलिमीटरचा ३.६ किलो. तुकडा मोजून तराजूत घालावा. वजन कमी भरले तर जाडी कमी, किंवा माल दुसराच. अतिनील थराची हमी किती वर्षांची, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी हमीला पावसाळ्यानंतर कोणी ओळखत नाही.

ऊन लागले की हा पत्रा लोखंडापेक्षा पाचपट तरी अधिक वाढतो. तीन मीटरचा पत्रा सकाळच्या थंडीपासून दुपारपर्यंत चाळीस अंश तापला तर सुमारे आठ मिलिमीटर लांब होतो. म्हणून स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा मोठी हवीत, आणि आवळून पिरगाळू नये. भोकाभोवती चिरा पडलेले पत्रे दिसतात ते याच कारणाने. वायसर चांगल्या रबराचे घ्यावेत. मऊ पीव्हीसीचे नकोत, कारण पीव्हीसी मऊ ठेवणारे तेल हळूहळू पत्र्यात शिरून त्याला तडे पाडते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी पत्रा पुसू नये. ज्या कीटकनाशकांत तसले द्रावक असते त्यांचा फवाराही त्यावर उडू देऊ नये. साधा साबण, कोमट पाणी व मऊ फडके पुरे. पोकळ पत्र्याच्या नळ्या उताराच्या दिशेने बसवाव्यात व उघडी टोके पट्टीने बंद करावीत, नाहीतर आत शेवाळ धरते.

गोठा व कोंबड्यांची खुराडी यांबद्दल एक सावधगिरी. शेणामुतातून व कोंबडीखतातून अमोनिया निघतो, आणि अमोनिया या साखळीचे दुवे तोडतो. हवा खेळती असेल तर भय कमी. कोंदट खुराड्यावर मात्र हा पत्रा घालण्यापेक्षा दुसरे काही पाहावे.

आरोग्याची बाजू

पाण्याने, क्षाराने व उष्णतेने दुवा तुटतो, तेव्हा बाहेर काय येते? साखळीचा मूळ घटक, म्हणजे बीपीए. शिवाय कारखान्यात न जोडला गेलेला अत्यल्प बीपीए आत उरलेला असतोच. हा पदार्थ शरीरातील स्त्री-संप्रेरकासारखा वागतो. हे काही काल-परवाचे ज्ञान नव्हे. लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच ते दाखविले होते, म्हणजे या प्लॅस्टिकच्या जन्माच्या सतरा वर्षे आधी.

किती बीपीए पोटात गेला तर चालेल, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते लपविण्याचे कारण नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली शरीराच्या दर किलो वजनामागे रोज चार मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली होती. २०२३ साली तिनेच ती वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या सरकारी संस्थेला हे पटले नाही. तिने आपली मर्यादा युरोपच्या नव्या मर्यादेच्या हजारपट वर ठेवली, तरी तीही जुन्या मर्यादेहून पुष्कळ खाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढून टाकण्याचा नियम मंजूर केला. कारखान्यांना त्यासाठी मुदत दिलेली आहे.

तान्ह्या बाळांविषयी मात्र वाद फारसा उरलेला नाही. बाळाचे वजन कमी, दूध हेच सारे अन्न, आणि बाटली रोज उकळायची. म्हणजे दुवा तोडणारी कारणे एकत्र येतात. युरोपात २०११ साली, अमेरिकेत २०१२ साली अशा बाटल्या बंद झाल्या. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकाने दूध पाजण्याच्या बाटल्यांत बीपीए चालणार नाही असे ठरविले. तेव्हा थोरल्या मुलाची जुनी, काचेसारखी टणक बाटली माळ्यावर जपून ठेवली असेल, तर ती धाकट्यासाठी काढू नये. वरचे दूध पाजावेच लागले तर वाटी-चमचा किंवा आजीचे बोंडले आहेच, आणि उकळून घेतलेली स्टीलची वाटी कधी कोणाला फसवीत नाही.

पाण्याच्या जाराच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण व आत ७ हा आकडा असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा असण्याचा संभव आहे. संभव म्हणतो, कारण ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्या इतरांत दुसरीही प्लॅस्टिके येतात. १ असेल तर तो पीईटी. थंड पाण्याने जारातून फार थोडा बीपीए उतरतो. काळजी घ्यायची ती उष्णतेची. जार टेम्पोत वा दुकानापुढे दिवसभर उन्हात ठेवू देऊ नये, त्यात गरम पाणी ओतू नये, धुण्याच्या सोड्याने किंवा कडक क्षाराने तो घासू नये. आतून धुरकट झालेला, बारीक तड्यांनी भरलेला जार परत करून दुसरा मागावा. ग्राहकाने मागितल्याशिवाय पुरवठादार तो बदलीत नाही असा अनुभव आहे. आणलेले पाणी घरी माठात किंवा स्टीलच्या पिंपात काढून ठेवणे सर्वांत सोपे. गर्भवती स्त्रिया व लहान मुले असलेल्या घरांनी तरी एवढे करावे.

चष्म्याच्या बाबतीत हे भय नाही, कारण भिंग काही आपण चाटीत नाही. उलट मुलांसाठी हेच भिंग बरे. खेळताना चेंडू लागला तर ते काचेसारखे डोळ्यात घुसत नाही, आणि अतिनील किरण ते जवळपास सगळे अडविते. त्याचे अंग मूळचे मऊ असल्याने चरे पडतात, म्हणून वर कठीण लेप दिलेला असतो. भिंगे सदऱ्याच्या टोकाने न पुसता आधी पाण्याने धुवावीत. ॲसिटोनची नखपॉलिश काढण्याची बाटली त्यांच्यापासून दूर ठेवावी. एक थेंब पडला तरी भिंग कायमचे आंधळे होते.

पत्र्याचे तुकडे व फुटके जार शेकोटीत किंवा पाणी तापविण्याच्या चुलीत घालू नयेत. भंगारवाल्याकडे देताना ते पीईटीच्या बाटल्यांपासून वेगळे बांधून द्यावेत, कारण दोन्ही एकत्र वितळवली तर कोणतीच धड उपयोगी पडत नाहीत.